मार्कंड्याचे जाड खांब

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगा आपला दक्षिणेचा रस्ता सोडून काही अंतर उत्तरेकडे वाहते. नदी उत्तरवाहिनी झाली की त्या काठाला तीर्थाचे मोल येते, म्हणून मार्कंडादेवला विदर्भाची काशी म्हणतात. बाहेरच्या भिंतींवरच्या शिल्पांच्या रांगा पाहून कोणी त्याला विदर्भाचे खजुराहोही म्हणतात. जेमतेम दोनशे फूट लांब आणि सव्वाशे फुटांहून कमी रुंद अशा आवारात लहानमोठी वीसेक मंदिरे दाटीने उभी होती. त्यांतली काही आज नुसत्या जोत्यांवरून ओळखावी लागतात. आपल्याकडे दगडी देऊळ दिसले की त्याला सरसकट हेमाडपंती म्हणायची रीत आहे, पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि मार्कंड्याचे मुख्य मंदिर त्याच्या बरेच आधीचे, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, पूजा अखंड चालते आणि मंदिर केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. अलीकडच्या दशकात दुरुस्तीसाठी मुख्य मंदिराचा वरचा भाग उतरवला गेला, काम रखडले आणि जिल्ह्यात त्यावर सतत बोलले जाऊ लागले. बोलणे मुख्यतः उशिराचे आणि निधीचे असते. मंदिर ‘पूर्ववत’ करायचे म्हणजे नेमके कोणत्या काळापर्यंत मागे न्यायचे, या प्रश्नाला मात्र फारसे कोणी हात घालत नाही. माझ्या मते तोच मूळ प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मंदिराच्या आतल्या काही जाड, चौकोनी, अनलंकृत खांबांपाशी आहे.

पुरातत्त्ववेत्ता अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांतात फिरला, तेव्हा त्याने मार्कंड्याचे तपशीलवार वर्णन केले. त्याच्या येण्याच्या पुष्कळ आधी मुख्य मंदिरावर वीज कोसळली होती. शिखराचा माथा फुटून पुढच्या महामंडपाच्या छतावर आला आणि छत खचले. अशा मंदिरात चुना जवळजवळ नसतो. दगडावर दगड बसवलेला, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवलेला, आणि सगळे आपल्याच वजनाने जागच्या जागी धरलेले. त्यामुळे वरचे वजन अचानक दुसरीकडे पडले की तुळया तडकतात, आणि एक तुळई गेली की तिच्या आधाराने बसलेले सगळेच सैल होते. पुढे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, एका गोंड राजाने हे मंदिर सावरले. त्याच्या गवंड्यांनी मूळच्या कोरीव खांबांच्या मधोमध भक्कम चौकोनी खांब उभे केले आणि काही ठिकाणी त्यांच्यावर कमानी टाकल्या. मूळ मंदिर तुळई आणि खांबांचे आहे, त्यात कमान कुठेच नाही. कमान आली ती चांद्याच्या वेशींवरून, गोंड राजांच्या समाध्यांवरून, त्या काळच्या गवंड्यांच्या हातातल्या विद्येतून. त्यांनी जुन्या नक्षीची नक्कल करायचा प्रयत्न केला नाही. खांब साधेच ठेवले, जाड ठेवले आणि छत तोलले. आज तो मंडप पाहणारा कोणीही जाणता माणूस कोणते काम आधीचे आणि कोणते नंतरचे हे बोट ठेवून सांगू शकतो.

या खांबांचे काय करावे, हा प्रश्न नीट समजायचा तर थोडे दूर, इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चपर्यंत जावे लागते. कारण मार्कंड्याला आज जो कायदा आणि जी दुरुस्तीची शिस्त लागू आहे, तिची बीजे तिथल्या एका मोठ्या भांडणात आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये चर्चच्या इमारतींना एकदम नवे महत्त्व आले. १८३९ साली केंब्रिजमध्ये काही तरुणांनी चर्चच्या वास्तुकलेचा अभ्यास करणारी संस्था काढली, १८४१पासून तिचे नियतकालिक निघू लागले. ऑगस्टस प्युजिन याने आधीच मध्ययुगीन गॉथिक शैली हीच खरी ख्रिस्ती शैली असा घोष सुरू केला होता. या मंडळींनी त्या शैलीच्याही प्रती लावल्या. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची अलंकृत गॉथिक शैली म्हणजे परिपूर्ण. तिच्या आधीचे अपुरे, नंतरचे भ्रष्ट. मग गावोगावच्या जुन्या चर्चना त्या एका आदर्श काळात परत नेण्याची लाट आली. सतराव्या-अठराव्या शतकातले लाकडी सज्जे, उंच बाकांचे कप्पे, चुन्याचे गिलावे खरवडून काढले गेले. नंतरच्या काळातल्या खिडक्या तोडून त्या जागी चौदाव्या शतकातल्या वाटाव्यात अशा नव्या बसवल्या गेल्या. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या एकाच वास्तुकाराच्या हाताखालून अशी शेकडो चर्च गेली. तो निष्काळजी नव्हता, अभ्यासू आणि श्रद्धाळू होता. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे. एवढा नाश द्वेषाने झाला नाही, प्रेमाने झाला.

त्याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला जॉन रस्किनने, १८४९ साली. त्याचे म्हणणे असे की इमारतीवर काळाने जे लिहिले ते पुसून पुन्हा लिहिता येत नाही; जुने म्हणून जे नवे उभे राहते ते असत्य असते. पुढे १८७६ साली विल्यम मॉरिसने बर्फर्डच्या चर्चमधली खरवड डोळ्यांनी पाहिली, आणि पुढच्याच वर्षी ट्यूक्सबरीच्या मठाचे काम स्कॉट हाती घेणार हे कळताच त्याने उघड पत्र लिहून प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. तिच्या जाहीरनाम्यातला गाभा आजही जुना झालेला नाही. कोणत्याही एका काळाला सर्वश्रेष्ठ ठरवून बाकीचे काळ खोडू नका, आणि मोठ्या जीर्णोद्धाराची वेळच येऊ नये म्हणून रोजची देखभाल करा. मॉरिसचे हे म्हणणे त्या वेळी अनेकांना भावनिक वाटले. पण आज इंग्लंडमधली चर्च पाहणारा अभ्यासक चटकन ओळखतो की ज्यांना ‘मध्ययुगीन’ केले गेले ती सगळी एकसारखी दिसतात, आणि ज्यांच्याकडे त्या काळात पैसा नव्हता तीच आज खऱ्या अर्थाने जुनी राहिली आहेत.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये, कारण त्याचे दगड आपल्याकडेही आहेत. मुंबईत कुलाब्याचे सेंट जॉन चर्च, ज्याला सगळे अफगाण चर्च म्हणतात, ते त्या केंब्रिजच्या विचारांचे थेट अपत्य आहे. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ त्याचा पाया १८४७ साली घातला गेला, आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, आतल्या काही भागांची रचना विल्यम बटरफील्डची. १८५८ साली ते उपासनेला खुले झाले आणि मनोरा १८६५ साली पुरा झाला. फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चची गोष्ट याहून बोलकी आहे. ते १७१८ साली उघडले, साध्या अठराव्या शतकी बांधणीचे. १८६० च्या दशकात त्याच्या पूर्वेच्या टोकाला गॉथिक शैलीचे नवे वेदीगृह जोडले गेले. दोन्ही शैली एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. तरीही एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जे जतनाचे काम झाले, ज्याला २००४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, त्यात व्हिक्टोरियन भाग उपरा म्हणून काढून टाकावा असे कोणाच्या मनातही आले नाही. ती दोन्ही शतके मिळूनच ते चर्च होते. तोच न्याय मार्कंड्याच्या मंडपाला का लावू नये, याचे सबळ कारण मला तरी सापडत नाही.

इंग्लंडचा हा वाद भारतात कायदा होऊन आला तो व्हाइसरॉय कर्झनच्या काळात. १९०२ साली जॉन मार्शल पुरातत्त्व खात्याचा महासंचालक झाला, १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि १९२३ साली मार्शलने जतनाची जी मार्गदर्शिका काढली तिच्यावर मॉरिसच्या संस्थेची छाप स्पष्ट आहे. पहिले कर्तव्य टिकवणे, नवे करणे नव्हे, हा तिचा मुख्य सूर. १९५८ चा आजचा कायदा आणि खात्याचे २०१४ चे धोरण याच वाटेवर आहेत. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही हेच दोन शब्दांत बांधले: वास्तूवरचे प्रत्येक काळाचे योगदान मानायचे, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवायचा. पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नियम कागदावर आले तरी नजर जुनीच राहिली. एकोणिसाव्या शतकातल्या पुरातत्त्ववेत्त्यांना मध्ययुगीन हिंदू मंदिर म्हणजे शुद्ध आणि गोंडांचे काम म्हणजे ओबडधोबड, असेच वाटत असे. केंब्रिजच्या मंडळींनी एका शतकाला डोक्यावर घेऊन बाकीची शतके खोडली, तसाच हा प्रकार. ती नजर आपणही जशीच्या तशी उचलली. मार्कंड्याच्या माहितीपत्रकांत, भाषणांत, बातम्यांत शिल्पांचे कौतुक असते, कोणत्या राजवंशाने बांधले याची चर्चा असते, आणि ज्यांनी ते पडता पडता धरले त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकतो. चांद्यावर गोंडांचे राज्य शतकानुशतके होते. ते १७५१ साली नागपूरच्या भोसल्यांकडे गेले. ज्या जिल्ह्यात आजही गोंड, माडिया समाज मोठ्या संख्येने राहतो, त्या जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या प्राचीन वास्तूत गोंडांच्या हातचा जो भाग आहे तो ‘नंतरची भर’ म्हणून हलका धरणे हा शैलीचा निर्णय उरत नाही. इतिहासात कोणाला जागा द्यायची याचा तो निर्णय होतो.

यावर पहिला आक्षेप भाविकांचा, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. हे जिवंत देवस्थान आहे, संग्रहालय नाही. देव भग्न मंडपात, अर्धवट शिखराखाली का राहावा? इंग्लंडातही हाच पेच पडला होता. तिथे १९१३ च्या कायद्याने वापरात असलेली चर्च सरकारी नियंत्रणाबाहेर ठेवली, कारण चर्चची स्वतःची परवानगीची व्यवस्था होती; एखादे बाक हलवायचे तरी अर्ज, पाहणी, आक्षेपांची सुनावणी. म्हणजे उपासना आणि जतन यांचे वैर नाही, फक्त कुणाच्या लहरीवर काम होऊ नये याची तजवीज हवी. आपल्या कायद्यातही संरक्षित वास्तूत पूजा चालू असेल तर तिचे पावित्र्य राखण्याची तरतूद आहे. मार्कंड्याला शिखर असू नये असे मी म्हणत नाही. जे दगड उतरवले गेले ते जागेवर परत जावेत, गळती थांबावी, शिवरात्रीच्या गर्दीत माणूस निर्धास्त मंडपात उभा राहावा, हे सगळे व्हायलाच हवे. गोंडांनी खांब उभे केले तेही पूजा सुरू राहावी म्हणूनच. त्यांची दुरुस्ती हीच भक्तीची दुरुस्ती होती, आणि ती काढून टाकून भक्तीचा मान वाढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जुने जसेच्या तसे ठेवायचे हा पश्चिमेचा हट्ट; आपली परंपरा जीर्णोद्धाराची, म्हणजे नव्याने उभे करण्याची. जपानमधले इसेचे देवस्थान दर वीस वर्षांनी नवे बांधले जाते, आणि १९९४ साली नारा इथे जाणकारांनी मान्यच केले की अस्सलपणाची कल्पना प्रत्येक संस्कृतीत वेगळी असते. हे खरे आहे. पण आपल्या परंपरेत काय सांगितले आहे तेही नीट पाहावे. मयमत या शिल्पग्रंथात जीर्ण वास्तूंच्या दुरुस्तीवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि ज्या देवळाची लक्षणे अजून ओळखू येतात ते त्याच्याच द्रव्याने सावरावे अशी त्याची दिशा आहे. आपल्या डोळ्यांसमोर जो ‘जीर्णोद्धार’ चालतो तो या ग्रंथातला नाही. तो आमदार निधीतून आलेल्या स्लॅबच्या सभामंडपाचा, चकचकीत फरश्यांचा, स्टीलच्या रेलिंगचा आणि कोरीव दारशाखेवर फासलेल्या ऑइलपेंटचा आहे. मार्कंड्याचे मंदिर संरक्षित असल्याने यातून बऱ्यापैकी वाचले. पण गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या खेड्यांत शेकडो वर्षांची लहान देवळे अशी रंगवलेली, गिलावा केलेली दिसतात आणि गावाला ती सुधारली असे मनापासून वाटते. परंपरेचे नाव घ्यायचे तर आधी तिचा नियम घ्यावा.

इथे माझ्या भूमिकेला खरी अडचण येते, ती लपवून चालणार नाही. प्रत्येक काळाचा थर राखायचा म्हटले तर ऑइलपेंटही एका काळाचा थर आहे, संगमरवरी फरशीही आहे. २०२४ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे काम झाले तेव्हा गर्भगृह आणि आसपासच्या भागातला अलीकडे बसवलेला संगमरवर, ग्रॅनाइट, टाइल काढून मूळ दगड मोकळा केला गेला, आणि बहुतेक वारकऱ्यांना त्याचा आनंदच झाला. मग पंढरपूरला जे बरोबर ते मार्कंड्याला चूक कसे? फरक थराच्या वयात नाही, त्याच्या वागण्यात आहे. गुळगुळीत फरशी आणि सिमेंटचा गिलावा दगडाचा श्वास कोंडतो. ओल आत अडकते, क्षार पृष्ठभागाकडे येतात आणि कोरीव कडा भुगा होऊन गळतात. ऑइलपेंटचेही तेच. असा थर वास्तूला इजा करतो, तो उतरवला तर मूळ वास्तूचे काहीच जात नाही, आणि त्यातून आपल्याला कळण्यासारखे असे काही नसते जे इतरत्र नाही. गोंडांच्या खांबांना या तिन्ही कसोट्या लावून पाहा. ते वास्तूला इजा करत नाहीत, उलट तिचा भार घेतात. ते काढायचे तर छत पुन्हा टेकवावे लागेल. आणि ते जे सांगतात ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाही: जंगलाच्या मधोमध, राजधानीपासून दूर, आपण न बांधलेल्या एका मंदिरासाठी एका राजाने खर्च केला आणि त्याच्या कारागिरांनी आपल्या विद्येने एका अनोळखी बांधणीला आधार दिला. लिखित साधनांची वानवा असलेल्या या राज्याच्या इतिहासात असा दगडी पुरावा दुर्मीळ आहे. या कसोट्या काटेकोर आहेत असा माझा दावा नाही. काही थरांबद्दल जाणकारांत मतभेद होतील, आणि व्हावेत. पण निदान वाद या मुद्द्यांवर व्हावा, कोणते काम ‘खऱ्या’ काळाचे वाटते यावर नको.

अभियंत्यांकडून येणारा आक्षेप व्यवहारी आहे: तडकलेले दगड, सरकलेला पाया, विजेचा धोका, पावसाळ्यात महिनोन्‌महिने भिजणारी भिंत. काही भाग उतरवून पुन्हा रचल्याशिवाय गत्यंतर नसेल तर? नसेल तर उतरवावे. मुरैना जिल्ह्यातल्या बटेश्वरला पडून विखुरलेल्या दगडांमधून कितीतरी मंदिरे पुन्हा उभी केली गेली, कारण त्यांचेच दगड जवळ पडलेले होते आणि एकेकाची जागा शोधण्याचा संयम होता. मार्कंड्याला अशा कामाची पहिली अट म्हणजे प्रत्येक उतरवलेल्या दगडाला क्रमांक, छायाचित्र आणि मोजमाप. दुसरी अट म्हणजे जो दगड सापडत नाही त्याच्या जागी साधा, नक्षी नसलेला दगड, जवळून पाहिल्यावर नवा म्हणून ओळखू येईल असा. गोंडांनी नेमके हेच केले होते. हरवलेल्या शिल्पाच्या जागी आजच्या कारागिराकडून नवी अप्सरा कोरून घेतली तर पन्नास वर्षांनी कोणती जुनी आणि कोणती नवी हे सांगता येणार नाही, आणि मग बाकीच्या खऱ्या शिल्पांवरचाही विश्वास जाईल. पर्यटनाचा आग्रह इथेच घातक ठरतो. खजुराहोशी तुलना केली की खजुराहोसारखे पूर्ण दिसावे अशी अपेक्षा तयार होते. मार्कंड्याला स्वतःचा इतिहास आहे, आणि त्यात विजेचा तो दिवसही आहे.

शेवटी मॉरिसचा दुसरा मुद्दा, रोजच्या देखभालीचा. त्याचे उत्तम उदाहरण याच भागात आहे. चंद्रपूरचा परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा अशा चार वेशी आणि पाच खिडक्यांचा. वेशींवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह अजून दिसते. या भिंतीला तोफेने कधी केले नसेल एवढे नुकसान पिंपळ-वडाच्या मुळांनी केले. रोप चार बोटांचे असताना उपटले तर सांध्यातला चुना तेवढा निघतो. तेच दहा वर्षे वाढू दिले की मूळ दगडांच्या मध्ये पाचरीसारखे शिरते, आणि मग झाड कापले तरी आतले मूळ कुजून पोकळी राहते, तिच्यात पाणी शिरते आणि एका पावसाळ्यात बुरूज ढासळतो. इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून हा परकोट आणि त्याचे बुरूज स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले, दिवसामागून दिवस, हाताने. त्या कामाला कोरीव दगड लागला नाही, मोठे कंत्राट लागले नाही. विळे, कुदळ, टोपल्या आणि सकाळी लवकर उठणारी माणसे लागली. मार्कंड्याला, वैरागडच्या किल्ल्याला, चांद्यातल्या गोंड राजा बीरशहाच्या समाधीला याच प्रकारच्या हाताची गरज आहे: पावसाळ्याआधी छतावरचे गवत, पन्हाळीतला पाला आणि सांध्यातले रोप काढणारा, आणि काही सरकले तर ताबडतोब कळवणारा. आज निधी येतो तो मोडल्यावर, आणि येतो तेव्हा मोठा येतो. वर्षाला एका माणसाचा पगार आणि चार पोती चुना यांची तरतूद कोणत्याच योजनेत सहजासहजी बसत नाही. मार्कंड्याचे शिखर परत चढवताना त्या कामाच्या अंदाजपत्रकात पुढच्या पन्नास वर्षांची अशी तरतूद असावी, आणि मंडपातल्या जाड खांबांची नोंद ‘नंतरची दुरुस्ती’ एवढ्यावर न उरकता, कोणत्या राज्याच्या काळात आणि कशासाठी ते उभे राहिले हे मराठीत आणि गोंडीत लिहिलेला एक फलक तिथे लागावा.